सुपरनोव्हाच्या तक्त्यांतील आकडे: कोणता मोजलेला, कोणता गृहीत धरलेला

आकाशगंगेच्या रासायनिक उत्क्रांतीवर पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्याचा स्फोट (सुपरनोव्हा) झाल्यावर कोणते मूलद्रव्य किती प्रमाणात बाहेर पडते, हे सांगणारे दोन प्रसिद्ध तक्ते तिने शेजारी ठेवून पाहिले. ऑक्सिजनचे आकडे बरेचसे जुळले, लोखंडाचे मात्र दुपटीहून अधिक फरकाने वेगळे निघाले. हे आकडे मुळात काढतात कसे, दोहोंपैकी बरोबर कोणता, आणि आपल्या गणितात कोणता घ्यावा, असे तिने विचारले आहे.

थोडक्यात उत्तर असे की लोखंडाच्या रकान्यापुरते दोन्ही आकडे गणितातून निघालेले नाहीत, ते गणित करणाऱ्याने त्यात घातलेले आहेत. ऑक्सिजनचा आकडा खरोखर गणितातून निघतो, परंतु त्या गणिताचा स्फोटाशी फारसा संबंध नसतो. हे विधान विचित्र वाटेल म्हणून ते सविस्तर मांडतो. प्रत्येक मूलद्रव्य ताऱ्याच्या कोणत्या थरात आणि केव्हा तयार झाले हे एकदा लक्षात आले, की तक्त्यातील कोणत्या रकान्यावर किती विसंबावे हे आपोआप ठरते.

सुरुवात एका अशा हिशोबापासून करू, जो संगणकाशिवाय कागदावर होतो. जड ताऱ्याचा गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा बनतो, आणि त्या उलथापालथीत बाहेरच्या थरांना सुमारे १० चा ४४ वा घात ज्यूल इतकी गतिज ऊर्जा मिळते. आघात तरंग बाहेर सरकत असताना त्याच्यामागचा प्रदेश इतका तप्त असतो, की तेथील बहुतेक सारी ऊर्जा पदार्थात नसून प्रारणात साठलेली असते, आणि आघात तरंगाने वेढलेल्या गोलात तापमान जवळजवळ एकसारखे असते. प्रारणाची ऊर्जाघनता तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, आणि गोलाचे आकारमान त्रिज्येच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे स्फोटाची ऊर्जा, असे मांडले की तरंग अमुक त्रिज्येवर पोहोचला असता तापमान किती होते हे थेट मिळते. तापमान ५०० कोटी केल्विन धरले तर ऊर्जाघनता घनमीटरला ४.७ गुणिले १० चा २३ वा घात ज्यूल येते आणि त्रिज्या निघते सुमारे ३७०० किलोमीटर. ४०० कोटी केल्विनसाठी ती ५००० किलोमीटर, ३३० कोटींसाठी सुमारे ६४०० किलोमीटर आणि २१० कोटींसाठी सुमारे १२,००० किलोमीटर येते.

हे चार आकडे माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयुक्त आकडे आहेत. ५०० कोटी केल्विनच्या वर सिलिकॉन पूर्णपणे जळून अणुकेंद्रके सांख्यिकीय समतोलात येतात (त्यांचे बनणे आणि तुटणे सारख्याच वेगाने चालते), आणि प्रोटॉन व न्यूट्रॉन जवळजवळ समसमान असतील तर मुख्य उत्पादन निकेल-५६ असते. ४०० ते ५०० कोटींच्या पट्ट्यात सिलिकॉनचे ज्वलन अर्धवट राहते, म्हणून तेथे सिलिकॉन, गंधक, अरगॉन, कॅल्शियम आणि काही प्रमाणात लोहगटातील मूलद्रव्ये मिळतात. ३३० ते ४०० कोटींच्या दरम्यान ऑक्सिजन स्फोटक रीतीने जळतो आणि पुन्हा सिलिकॉन व गंधक देतो. २१० कोटींपर्यंत निऑन आणि कार्बन यांच्यात थोडे फेरफार होतात. त्यापलीकडे, म्हणजे साधारण १२,००० किलोमीटरच्या बाहेर जे काही आहे, त्याला स्फोट केवळ ढकलून देतो; त्याची रासायनिक घडण बदलत नाही. लाल महाराक्षसी ताऱ्याची त्रिज्या कोट्यवधी किलोमीटर असते, तेव्हा स्फोटाने नव्याने शिजवलेला भाग किती लहान आहे हे ध्यानात यावे.

यातून दोन गोष्टी निघतात. स्फोटाची ऊर्जा दुप्पट केली तरी या त्रिज्या केवळ २६ टक्क्यांनी वाढतात, कारण त्या ऊर्जेच्या घनमुळाच्या प्रमाणात आहेत. म्हणजे ऊर्जेविषयीचे अज्ञान येथे बरेच सौम्य होऊन उतरते. दुसरी गोष्ट अशी की किती निकेल तयार होईल हे ३७०० किलोमीटरच्या आत स्फोटापूर्वी किती वस्तुमान होते यावर ठरते, आणि ते वस्तुमान ताऱ्याच्या उत्क्रांतीच्या संगणकीय प्रतिकृतीतून (मॉडेलमधून) मिळते. समजा, एखाद्या प्रतिकृतीत ३७०० किलोमीटरच्या आत १.७ सौर वस्तुमान आहे. त्यातील सारे बाहेर पडत नाही. आतला भाग न्यूट्रॉन ताऱ्यात अडकतो, आणि अडकलेल्या व सुटलेल्या द्रव्यामधील सीमेला आम्ही वस्तुमान-छेद म्हणतो. छेद १.६ वर घेतला तर ०.१ सौर वस्तुमान निकेल बाहेर येते, १.६५ वर घेतला तर ते निम्मे, म्हणजे ०.०५ होते. छेदात केवळ तीन टक्क्यांचा बदल आणि लोखंडात दुपटीचा फरक, अशी ही परिस्थिती आहे.

विद्यार्थिनीच्या दोन तक्त्यांमधील फरकाचे मूळ येथेच आहे. एकमितीय गणितात, म्हणजे ताऱ्यात फक्त केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे बदल होतो असे धरणाऱ्या गणितात, ताऱ्याचा स्फोट आपोआप होत नाही. न्यूट्रिनोंनी (गाभ्यातून सुटणाऱ्या, पदार्थाशी क्वचितच गुंतणाऱ्या कणांनी) आघात तरंगाला पुन्हा बळ द्यावे लागते, आणि ती प्रक्रिया अभिसरणावर (तप्त द्रव्य वर आणि थंड द्रव्य खाली जाण्यावर) आणि गोलसममितीच्या भंगावर अवलंबून असल्यामुळे ती त्रिमितीय गणितातच नीट उतरते. म्हणून १९९० च्या दशकातील आणि नंतरच्याही बहुतेक मोठ्या तक्त्यांत स्फोट कृत्रिमरीत्या घडवलेला आहे. वूस्ली आणि वीव्हर यांनी १९९५ च्या तक्त्यात एका कल्पित दट्ट्याने आतून थर ढकलले; थीलेमन, नोमोटो आणि हाशिमोटो यांनी १९९६ मध्ये गाभ्याजवळ उष्ण ऊर्जा सोडली आणि २० सौर वस्तुमानाच्या ताऱ्यातून बाहेर पडणारे निकेल वेधांतील आकड्याशी जुळेल अशा बेताने छेद निवडला. त्यानंतरच्या अनेक तक्त्यांत तर प्रत्येक ताऱ्यातून ०.०७ सौर वस्तुमान निकेल-५६ बाहेर पडेल अशाच बेताने छेद ठेवलेला असतो. अशा तक्त्यातील लोखंडाचा आकडा पाहून हे गणित वेधांशी छान जुळते असे म्हणणे म्हणजे आपणच लिहिलेली चिठ्ठी आपणच वाचून चकित होणे आहे.

०.०७ हा आकडा आला कोठून? २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलनी मेघात, आपल्यापासून सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, सँड्युलीक −६९ २०२ हा निळा महाराक्षसी तारा फुटलेला दिसला. एसएन १९८७ए या नावाने ओळखला जाणारा हा सुपरनोव्हा न्यूट्रिनोंसाठी अधिक प्रसिद्ध आहे. मूलद्रव्यांचा हिशोब ठेवणाऱ्यांसाठी मात्र त्याचा नंतरचा मंदावणारा प्रकाश जास्त मोलाचा ठरला. निकेल-५६ चे अर्धायुष्य ६.१ दिवस, ते कोबाल्ट-५६ बनते. कोबाल्ट-५६ चे अर्धायुष्य ७७ दिवस, आणि ते स्थिर लोखंड-५६ बनते. म्हणजे आपण ज्याला सुपरनोव्हातील लोखंड म्हणतो, ते स्फोटाच्या क्षणी लोखंड नसतेच. आरंभीची उष्णता ओसरल्यानंतर अवशेषाला प्रकाशमान ठेवणारी ऊर्जा कोबाल्टच्या क्षयातून येते, म्हणून प्रकाशाच्या मापनावरून कोबाल्ट, कोबाल्टवरून निकेल आणि निकेलवरून लोखंड असा उलटा हिशोब करता येतो.

तो हिशोब असा. एक सौर वस्तुमान निकेल-५६ घेतले तर कोबाल्टच्या क्षयातून मिळणारी शक्ती म्हणजे १.४५ गुणिले १० चा ३६ वा घात वॉट, आणि ती १११ दिवसांच्या सरासरी आयुष्याने घातांकी रीतीने घटत जाते. स्फोटानंतर २०० दिवसांनी घटीचा गुणक ०.१६६ येतो, म्हणून शक्ती २.४ गुणिले १० चा ३५ वा घात वॉट उरते. चिली आणि दक्षिण आफ्रिकेतील वेधशाळांनी अतिनीलपासून अवरक्तपर्यंतचा प्रकाश एकत्र करून १९८७ए ची जी एकूण दीप्ती मोजली, ती या वेळी सुमारे १.७ गुणिले १० चा ३४ वा घात वॉट, म्हणजे साधारण ४.४ कोटी सूर्यांइतकी होती. भागाकार केला की ०.०७ मिळते. या पद्धतीचा खरा पुरावा एका क्षणाच्या दीप्तीत नसून तिच्या उतारात आहे: १०० दिवसांत सुमारे एक प्रत (म्हणजे दीप्तीत सुमारे अडीचपट घट) इतक्या गतीने तारा मंद होत गेला, आणि १११ दिवसांच्या सरासरी आयुष्यातून हीच गती निघते. शिवाय कोबाल्टच्या ८४७ आणि १२३८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा रेषा सोलर मॅक्सिमम मिशन या उपग्रहाने प्रत्यक्ष टिपल्या. त्या अपेक्षेपेक्षा काही महिने आधीच दिसल्या, आणि त्यावरून निकेलचा काही भाग बाहेरच्या हायड्रोजनच्या थरापर्यंत उसळून मिसळला होता हे कळले. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक नीटनेटके थर ही आमच्या एकमितीय गणितांची सोय आहे. खऱ्या स्फोटात ते थर एकमेकांत घुसलेले असतात.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दीप्ती अंतराच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून अंतरात ५ टक्के चूक असेल तर निकेलमध्ये १० टक्के चूक येते. २०२३ मध्ये एम १०१ या सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेत दिसलेला सुपरनोव्हा लडाखमधील हानले येथील भारतीय दुर्बिणींनीही पाहिला; एवढ्या जवळच्या ताऱ्याबाबतही अंतराचा वाटा विसरता येत नाही. दुसरी अडचण धुळीची. १९८७ए मध्ये सुमारे ५०० दिवसांनंतर अवशेषाच्या आतच धूळ तयार झाली आणि दृश्य प्रकाश अवरक्तात वळला. ज्याने केवळ दृश्य प्रकाश मोजला, त्याला कोबाल्ट कमी भासले असते. तिसरी, गॅमा किरण अवशेषात पूर्णपणे शोषले जात आहेत हे गृहीत. हायड्रोजनचे जाड आवरण असलेल्या ताऱ्यात ते वर्षभर बऱ्यापैकी खरे असते; आवरण गमावलेल्या ताऱ्यांत गॅमा किरण फार लवकर निसटू लागतात आणि उतार तीव्र होतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. १९८७ए हा नमुनेदार सुपरनोव्हा नव्हता. फुटलेला तारा निळा होता, आणि हायड्रोजनयुक्त सुपरनोव्हांचे बहुसंख्य जनक तारे लाल असतात. गेल्या दोन दशकांत अशा अनेक स्फोटांचे निकेल याच पद्धतीने मोजले गेले, तेव्हा ते ०.००१ पासून ०.१ सौर वस्तुमानाहून थोडे अधिक इतक्या रुंद पट्ट्यात पसरलेले आढळले, आणि मधला आकडा ०.०३ ते ०.०४ च्या आसपास आला. म्हणजे सरसकट ०.०७ धरणाऱ्या तक्त्याने या वर्गाचे लोखंड सुमारे दुपटीने वाढवलेले असते. उलट टोकाला एसएन १९९८बीडब्ल्यू सारखे स्फोट आहेत, ज्यांच्यात निकेल अर्ध्या सौर वस्तुमानाच्या जवळपास जाते. पंचवीस सौर वस्तुमानाच्या ताऱ्यासाठी एकच आकडा द्या असा आग्रह धरणे मला म्हणूनच पटत नाही.

वस्तुमान-छेद नेमका कोठे पडतो हे तपासायला निकेलपेक्षा चांगला साक्षीदार टायटेनियम-४४ आहे. समतोलातून पदार्थ झपाट्याने थंड होताना अल्फा कण (हेलियमची अणुकेंद्रके) उरले, तरच तो तयार होतो, आणि हे छेदाच्या अगदी लगतच्या थरात घडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५९ वर्षे, त्यामुळे शतकांपूर्वीच्या अवशेषातही तो सापडतो. कॅसिओपिया ए हा अवशेष सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि तो स्फोट आपल्या गणनेने १६८० च्या आसपास दिसला असावा. तेथील टायटेनियमची ११५७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा कॉम्पटेल या अवकाशातील गॅमा-किरण उपकरणाने १९९४ मध्ये दाखवली, आणि ६८ व ७८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषांत नूस्टार या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीने २०१४ मध्ये त्याचा नकाशा काढला. मूळ वस्तुमान १ ते दीड दशसहस्रांश सौर वस्तुमान निघते. तेव्हापासून पावणेसहा अर्धायुष्ये उलटली असल्याने त्यातले दोन टक्क्यांहून कमी उरले आहे. गंमत म्हणून भागाकार करून पाहिला तर हे उरलेले टायटेनियम जवळजवळ पृथ्वीच्या वस्तुमानाइतके भरते. नकाशात टायटेनियमचे ढेकूळ एका बाजूला अधिक, आणि न्यूट्रॉन तारा साधारणपणे विरुद्ध बाजूला सरकत असलेला दिसला. एकमितीय गणितात ही असममिती बसवण्याला जागाच नाही, आणि नेहमीच्या तक्त्यांत टायटेनियम-४४ वेधांपेक्षा कमी येते याचे एक कारण बहुधा हेच आहे. १९८७ए मध्येही नूस्टारने सुमारे दीड दशसहस्रांश सौर वस्तुमानच मोजले. म्हणून तक्त्यातील टायटेनियम आणि त्याच्या क्षयातून येणारे कॅल्शियम-४४ हे दोन रकाने मी सर्वांत कमी विश्वासाने वाचतो. मात्र स्फोटात टायटेनियम-४४ बनते याबद्दल शंका नाही: उल्कापाषाणांत सापडलेल्या सूर्यपूर्व सिलिकॉन कार्बाइडच्या काही सूक्ष्म कणांत कॅल्शियम-४४ चा जो जादा साठा आढळतो, तो कण तयार होताना त्यात जिवंत टायटेनियम असल्याखेरीज समजावून सांगता येत नाही.

ऑक्सिजनची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. २५ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यातून सुमारे ३ सौर वस्तुमान ऑक्सिजन बाहेर पडतो, १५ च्या ताऱ्यातून साधारण अर्धा ते पाऊण. त्यातील जवळजवळ सारा १२,००० किलोमीटरच्या बाहेर असतो, म्हणजे तो हेलियमच्या शांत ज्वलनात लाखो वर्षांत तयार झालेला असतो. येथे छेदाचे महत्त्व नगण्य आहे. महत्त्व आहे हेलियम गाभ्याच्या आकाराला, म्हणजेच अभिसरण किती दूरपर्यंत मिसळते आणि ताऱ्याने वाऱ्यातून किती वस्तुमान गमावले याला. आणि सर्वांत जास्त महत्त्व आहे एका अणुकेंद्रकीय अभिक्रियेला: कार्बन-१२ ने अल्फा कण पकडून ऑक्सिजन-१६ होणे. ताऱ्यातील ऊर्जेला, म्हणजे सुमारे ३०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, तिचा काटछेद (अभिक्रिया घडण्याची शक्यता दाखवणारे क्षेत्रफळ) १० चा उणे १७ वा घात बार्न इतका सूक्ष्म आहे, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत थेट मोजता आलेला नाही. वरच्या ऊर्जांवरील मापने खाली ओढून तो अंदाजावा लागतो. हा वेग वाढवला की ऑक्सिजन वाढतो आणि कार्बन घटतो. पुढे कार्बन कमी असल्याने निऑन, सोडियम आणि मॅग्नेशियमही घटतात. दोन तक्त्यांमध्ये ऑक्सिजन जुळला आणि मॅग्नेशियम जुळले नाही, तर पहिल्यांदा या अभिक्रियेचा कोणता वेग वापरला आहे ते पाहावे. तो साधारणपणे प्रबंधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लिहिलेला असतो, आणि तक्त्याची फाईल उतरवून घेणारे लोक ते पान वाचत नाहीत.

वेधांतून ऑक्सिजन मोजणे मात्र निकेलइतके सोपे नाही. स्फोटानंतर काही महिन्यांनी अवशेष पारदर्शक होतो आणि ६३०० व ६३६४ अँगस्ट्रॉमच्या ऑक्सिजनच्या रेषा चमकू लागतात. त्यांच्या तीव्रतेवरून वस्तुमान काढताना तापमान घातांकात येते: वरच्या पातळीची ऊर्जा सुमारे २२,८०० केल्विनशी तुल्य आहे, आणि वायू केवळ ४००० केल्विनच्या आसपास असतो. तापमान ४००० ऐवजी ३५०० धरले तर तीच रेषा समजावून सांगण्यासाठी सव्वादोन पट ऑक्सिजन लागतो. शिवाय थंड झालेला किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंत अडकलेला ऑक्सिजन या रेषांत दिसतच नाही. म्हणून अशा नेब्युलर (पारदर्शक झालेल्या अवशेषाच्या) वर्णपटातून मिळालेला आकडा हा किमान आकडा समजावा. अशा रीतीने लोखंडाबाबत वेध भरवशाचे आणि गणित कच्चे, तर ऑक्सिजनबाबत गणित बऱ्यापैकी पक्के आणि वेध सैल, अशी उलटसुलट स्थिती आहे.

सिलिकॉन, गंधक, अरगॉन आणि कॅल्शियम या दोहोंच्या मध्ये बसतात. ती ३७०० ते ६४०० किलोमीटरच्या पट्ट्यात तयार होतात, छेदापासून थोडी दूर, त्यामुळे त्यांचे आकडे पाऊणपट ते सव्वापट या मर्यादेत धरायला माझी हरकत नसते. अवशेषांच्या क्ष-किरण वर्णपटांत त्यांची परस्परांशी गुणोत्तरेही चांगली मोजता येतात. सोडियम आणि ॲल्युमिनियम यांसारख्या विषम अणुक्रमांकाच्या मूलद्रव्यांना जादा न्यूट्रॉन लागतात, आणि ते ताऱ्यात जन्मतः असलेल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनपासून बनलेल्या निऑन-२२ मधून येतात. म्हणून हे रकाने ताऱ्याच्या आरंभीच्या धातुप्रमाणाबरोबर (हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांच्या प्रमाणाबरोबर) झपाट्याने बदलतात आणि केवळ सौर धातुप्रमाणाचा तक्ता वापरून चालत नाही.

प्रकल्पात पहिल्या प्रकारचे, म्हणजे आयए वर्गाचे सुपरनोव्हाही घ्यावे लागतील, कारण लोखंडाचा मोठा वाटा त्यांचाच आहे. तेथे श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) संपूर्ण उधळला जातो, छेदाचा प्रश्न उरत नाही. शिखरावरील दीप्ती त्या क्षणी क्षयातून मिळणाऱ्या शक्तीइतकी असते, या आर्नेट यांच्या नियमाने हिशोब होतो: १९ दिवसांनी शिखर आले असे धरले तर एका सौर वस्तुमानामागे २ गुणिले १० चा ३६ वा घात वॉट मिळतात, आणि नेहमीच्या आयए ची शिखरदीप्ती याच्या सुमारे सहा दशांश असते, म्हणून निकेल ०.६ सौर वस्तुमान. हा नियम निव्वळ सैद्धांतिक राहिलेला नाही. २०१४ मध्ये एम ८२ दीर्घिकेत, सुमारे १.१५ कोटी प्रकाशवर्षांवर, दिसलेल्या एसएन २०१४जे मधून कोबाल्टच्या गॅमा रेषा इंटिग्रल उपग्रहाने थेट मोजल्या, आणि त्यांतून निकेल ०.६२ सौर वस्तुमान निघाले. गॅमा किरणांचा आणि दृश्य प्रकाशाचा हिशोब स्वतंत्रपणे करून एकाच जागी पोहोचणे, हे या क्षेत्रात फार थोड्या वेळा घडले आहे.

आता सगळ्या ताऱ्यांची बेरीज. जड तारे संख्येने कमी असतात. सॉलपीटर यांच्या १९५५ च्या वितरणानुसार एका २५ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यामागे १५ चे साधारण सव्वातीन तारे जन्मतात. तरीही २५ चा एक तारा ३ सौर वस्तुमान ऑक्सिजन देतो आणि १५ चे सव्वातीन मिळून जेमतेम २ देतात. म्हणजे ऑक्सिजनचा हिशोब जड ताऱ्यांच्या हाती आहे, आणि नेमके हेच तारे फुटतात की गुपचूप कोसळून कृष्णविवर बनतात, याबद्दल वाद आहे. न्यूट्रिनोंच्या बळावर स्फोट होतो की नाही हे प्रत्येक ताऱ्यासाठी तपासणाऱ्या २०१६ नंतरच्या गणितांत २० सौर वस्तुमानाच्या वरचे बरेच तारे फुटतच नाहीत, आणि फुटणारे व न फुटणारे तारे एकमेकांत मिसळलेले असतात. जुने तक्ते सगळे फुटतात असे धरून केलेले आहेत. एकाच ताऱ्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवूनही संपूर्ण पिढीच्या ऑक्सिजनमध्ये दुपटीची अनिश्चितता येते, ती यामुळे.

या बेरजेला एक स्वतंत्र तपासणी उपलब्ध आहे. ॲल्युमिनियम-२६ चे अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षे आहे आणि त्याची १८०९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा संपूर्ण आकाशगंगेतून येते. २००६ मध्ये इंटिग्रलच्या वेधांवरून आकाशगंगेत त्याचे सुमारे २.८ सौर वस्तुमान आढळले, आणि तक्त्यांतील उत्पादनाने भागून गाभा कोसळणाऱ्या सुपरनोव्हांचा दर शतकाला सुमारे दोन असा निघाला. इतर मार्गांनी काढलेल्या दराशी हे जुळते. त्याचबरोबर लोखंड-६० चे त्याच्याशी असलेले गुणोत्तर मात्र बऱ्याच तक्त्यांत वेधांपेक्षा जास्त येते. ते खोल समुद्रतळाच्या कवचांतही सापडले आहे, अंदाजे २० ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत, आणि पृथ्वीपासून फार दूर नसलेल्या एखाद्या स्फोटाचा तो पुरावा मानला जातो.

तेव्हा विद्यार्थिनीने काय करावे? ऑक्सिजन, कार्बन, निऑन आणि मॅग्नेशियम यांसाठी ज्यात ताऱ्यांची उत्क्रांती नवी आणि अनेक धातुप्रमाणांसाठी केलेली आहे असा कोणताही एक तक्ता घ्यावा, आणि दोन तक्त्यांची सरासरी काढू नये, कारण सरासरी ही कोणत्याच ताऱ्याची नसते. लोखंडासाठी तक्त्यातील रकाना बाजूला ठेवून वेधांतून मिळालेले निकेलचे वितरण वापरावे: हायड्रोजनयुक्त स्फोटांसाठी सरासरी ०.०४ च्या जवळपास, आवरण गमावलेल्यांसाठी त्याहून जास्त, आणि दोहोंचा संख्येच्या प्रमाणात मेळ घालावा. छेद बदलल्याने बदलणारे इतर रकाने, म्हणजे टायटेनियम, कोबाल्ट, जस्त आणि स्थिर निकेल-५८, लोखंडाबरोबर त्याच प्रमाणात वाढवू-घटवू नयेत. ते छेदाच्या लगतच्या थरातील न्यूट्रॉनांच्या प्रमाणावर लोखंडापेक्षा वेगळ्या रीतीने अवलंबून असतात. आकाशगंगेच्या प्रभामंडलातील (तबकडीभोवतीच्या विरळ गोलातील) जुन्या ताऱ्यांत ऑक्सिजन व मॅग्नेशियमचे लोखंडाशी गुणोत्तर सूर्याच्या साधारण अडीचपट असते. आपल्या गणितात केवळ गाभा कोसळणारे सुपरनोव्हा ठेवून हे गुणोत्तर मिळते का, ही पहिली कसोटी लावावी, आणि त्यानंतरच आयए मिसळावेत. मँगॅनीज सर्वांत शेवटी पाहावे, कारण ते श्वेतबटूच्या केंद्राच्या घनतेवर फार अवलंबून असते आणि आयए चे किती तारे चंद्रशेखर मर्यादेजवळ (श्वेतबटूच्या कमाल वस्तुमानाजवळ) फुटतात या वादात आपण ओढले जातो.

जस्ताच्या पलीकडचे रकाने तक्त्यात असले तरी सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांच्यासाठी ते वापरू नयेत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी एनजीसी ४९९३ या सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेले गुरुत्वीय तरंग आणि पाठोपाठचा प्रकाश पाहिल्यापासून जड मूलद्रव्यांचा मोठा वाटा तेथे टाकावा लागतो. २०१९ मध्ये त्याच घटनेच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखले गेले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेमुळे अशा मीलनांची आकाशातील जागा अधिक नेमकी ठरेल आणि दुर्बिणी वेळेवर वळवता येतील. तोवर या मूलद्रव्यांसाठी मीलनांचा दर आणि प्रत्येक मीलनातील उत्सर्जित वस्तुमान ही दोन्ही चले प्रकल्पात मोकळी ठेवावीत आणि निष्कर्षांत त्यांची पट्टी स्पष्ट द्यावी.